क्रूझ: आधी बुक करावी की ऐनवेळी? आधी उलटी मोजणी करा

क्रूझबद्दल विचारपूस सुरू केली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, वर्षभर आधी बुक करा, नंतर महाग होतं. दुसरा म्हणतो, थांबा, जहाज सुटायच्या आधी उरलेल्या केबिन मातीमोल भावात काढतात. दोन्ही खरे आहेत, पण वेगवेगळ्या माणसांसाठी. दुसरा सल्ला बहुतेक अशा माणसाकडून आलेला असतो, जो बंदरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर राहतो आणि ज्याच्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही. मुंबई, पुणे किंवा नागपूरहून निघणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याची ‘ऐनवेळ’ जहाज सुटण्याच्या बरीच आधी संपलेली असते. ती नेमकी कधी संपते हे काढता आलं की निर्णय निम्मा झाला.

भाव कधी आणि का हलतो

क्रूझचं बुकिंग साधारण दीड ते दोन वर्षं आधी उघडतं. बुकिंग करताना पूर्ण पैसे भरावे लागत नाहीत, डिपॉझिट भरलं की केबिन आपल्या नावावर होते. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांत लहान सफरींसाठी हे माणशी १०० डॉलरच्या आसपास आणि आठवड्याच्या सफरीसाठी २५० डॉलरच्या आसपास असतं. उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख म्हणजे फायनल पेमेंट. ती जहाज सुटायच्या साधारण ७५ ते १२० दिवस आधी येते. लहान सफरीला उशिरा, लांबच्या सफरीला लवकर. या लेखात आपण ९० दिवस धरून चालू.

सगळी गंमत या ९० दिवसांच्या रेषेवर आहे. तोवर रद्द केलं तर रिफंडेबल डिपॉझिट पूर्ण परत मिळतं, म्हणून अनेक जण केबिन धरून ठेवतात आणि रेषा जवळ आली की सोडतात. त्या केबिन एकदम विक्रीला परत येतात. कंपनीलाही त्याच वेळी खरी शिल्लक कळते. म्हणून भाव उतरायचा असेल तर बहुधा ९० ते ३० दिवसांच्या पट्ट्यात उतरतो. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र उरलेल्या केबिन मोजक्या आणि अडनिड्या असतात. तेव्हा भाव पडेलच असं नाही, उलट चढलेलाही दिसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जहाज निम्मं रिकामं जाईल या आशेवर बसू नका. क्रूझ कंपन्या एका केबिनला दोन माणसं धरून भरणा मोजतात. तिसरा-चौथा पलंग भरला की आकडा १०० टक्क्यांच्या वर जातो, आणि मोठ्या कंपन्यांची जहाजं वर्षाच्या सरासरीत १०० टक्क्यांच्या पुढेच धावतात. रिकामी खोली कंपनीला परवडत नाही हे खरं. पण ती रिकामी राहू नये याची तजवीज तुमच्या कितीतरी आधी कोणीतरी करून ठेवलेली असते.

पायरी १: तुमची शेवटची तारीख काढा

कॅलेंडरवर जहाज सुटण्याचा दिवस लिहा आणि तिथून मागे या. व्हिसाला किती दिवस, विमानाचं तिकीट परवडण्याजोगं कधीपर्यंत, रजा मंजूर व्हायला किती दिवस. यातलं जे सर्वात मागे जाईल ती तुमची शेवटची तारीख. सफरीप्रमाणे ती कशी बदलते ते पाहा.

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप: व्हिसा नाही, विमान नाही. देशांतर्गत सफरीला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. म्हणजे शेवटची तारीख जवळपास बुकिंग बंद होईपर्यंत. लक्षद्वीपचा अपवाद आहे. तिथे उतरायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे कागदपत्रं द्यायची मुदत कंपनीला आधीच विचारून घ्या.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींची सफर: सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत होतो आणि कागद नीट असतील तर बहुधा आठवड्याभरात हातात येतो. तो एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का ते पाहा. मलेशिया किंवा थायलंडला जाऊन जहाज सिंगापूरला परत येतं, तेव्हा तो तुमचा दुसरा प्रवेश असतो. वाटेतल्या देशांचे व्हिसाचे नियम सतत बदलत असतात, ते बुकिंगच्या दिवशी तपासा. सहा महिन्यांपूर्वी कोण्या नातेवाइकाला लागला नव्हता यावर जाऊ नका. व्हिसा सोपा असला तरी खरी अडचण विमानाची. मुंबई-सिंगापूर तिकीट सुट्टीच्या दिवसांत शेवटच्या महिन्यात चांगलंच चढतं. म्हणून इथली शेवटची तारीख सुटण्याआधी सहा ते आठ आठवडे धरा.

भूमध्य समुद्र, म्हणजे बार्सिलोना, रोम, अथेन्स: शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निकालाला १५ दिवस हा नेहमीचा काळ, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यात अर्ज देण्याची अपॉइंटमेंट मिळायलाच उन्हाळ्यात कित्येक आठवडे जातात. शिवाय अर्जाबरोबर प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो, म्हणजे क्रूझ आधीच बुक झालेली हवी. तेव्हा व्हिसा नसताना ‘४० दिवस आधी स्वस्त मिळाली तर घेऊ’ ही योजना युरोपसाठी चालतच नाही.

अलास्का: इथे अमेरिकेचा व्हिसा तर हवाच, पण कॅनडाचाही लागतो. व्हँकुव्हरहून निघालात तर कारण उघड आहे. सिएटलहून निघालात तरी सुटका नाही. १८८६च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परतायचं असेल, तर वाटेत परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं, आणि अलास्काच्या बाबतीत ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. दोन्ही व्हिसे आधीपासून पासपोर्टवर नसतील तर निदान वर्षभर आधी हालचाल सुरू करा.

आता याची दुसरी बाजू. ज्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, ज्यांना शेंगेनचा दोन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळाला आहे, त्यांची मोजणी एकदम बदलते. (एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी सोय झाली आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो.) सिंगापूर, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचंही तसंच. बंदर टॅक्सीच्या अंतरावर असेल, शाळेची सुट्टी आडवी येत नसेल, तर ऐनवेळीचा फायदा खऱ्या अर्थाने त्यांच्यासाठी आहे.

पायरी २: केबिनमध्ये कोण कोण झोपणार ते लिहा

दोन प्रौढ, एक केबिन, कुठलाही मजला चालेल, खाण्यापिण्याची अट नाही: असे प्रवासी थांबू शकतात. यादी जशी लांबते तसं थांबणं महाग पडत जातं.

आई-वडील आणि दोन मुलं एकाच केबिनमध्ये राहणार असतील तर चार पलंगांची केबिन लागते. अशा केबिन प्रत्येक जहाजावर मर्यादित असतात आणि सुट्टीच्या सफरींत सगळ्यात आधी त्याच संपतात. आणखी एक खाचखळगा आहे, जो नवख्याला कोणी सांगत नाही. कधीकधी वेबसाइट दोन माणसांसाठी भरपूर केबिन दाखवते आणि चार टाकले की ‘उपलब्ध नाही’ म्हणते. हा बिघाड नसतो. जहाजावर एकूण किती माणसं घेता येतील याला सुरक्षेची मर्यादा असते आणि प्रत्येक केबिन एका ठरावीक लाईफबोटीच्या ठिकाणाला जोडलेली असते. त्या भागाची संख्या भरली की पलंग रिकामा असूनही तिसरा-चौथा प्रवासी घेता येत नाही. अशा वेळी जहाजाच्या दुसऱ्या टोकाची किंवा वेगळ्या प्रकारची केबिन शोधून पाहा, कधीकधी तिथे जागा निघते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर शेजारी-शेजारी दोन केबिन, लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हव्यात. मध्यावर आणि खाली जहाज सर्वात कमी हलतं, ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. व्हीलचेअरसाठीच्या रुंद दाराच्या केबिन तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. हे सगळं ऐनवेळी मिळणं म्हणजे लॉटरी.

जैन जेवण, तीव्र ॲलर्जी, कांदा-लसूण नको: अशा गोष्टी बऱ्याच कंपन्यांना महिना-दीड महिना आधी कळवाव्या लागतात. मुंबईहून निघणाऱ्या सफरींत जैन जेवण नेहमीचंच आहे, तिथे काळजी नाही. पण परदेशी जहाजावर वीस दिवस आधी बुक करून ही अपेक्षा ठेवली, तर चार दिवस सॅलड आणि पाव यावर भागवायची तयारी ठेवा.

बाळ आणि गर्भवती यांचे नियम मात्र बुकिंगच्या तारखेवर नाही, सफरीच्या तारखेवर लागतात. बहुतेक मोठ्या कंपन्या सफर संपेपर्यंत गर्भारपणाचा २४वा आठवडा लागत असेल तर घेत नाहीत. बाळ किमान ६ महिन्यांचं हवं, आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरींवर १२ महिन्यांचं. वर्षभर आधी बुक करणाऱ्या तरुण जोडप्यांनी हे ध्यानात ठेवून रिफंडेबल डिपॉझिटच घ्यावं.

एकट्याने जाणाऱ्यांना बहुधा दोघांचं भाडं पडतं, कारण केबिनची किंमत दोन पलंगांची असते. कर आणि ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची टिप) मात्र एकाचीच. एकट्यांसाठीच्या छोट्या केबिन काही जहाजांवर असतात, पण थोड्या, आणि त्या लवकर जातात. याउलट, जहाज भरत नसेल तर ऐनवेळी हा जादा भार कमी केलेल्या ऑफरही निघतात. तारखा लवचीक असलेल्या एकट्या प्रवाशाने थांबून पाहायला हरकत नाही.

पायरी ३: सफर कुठली, हंगाम कुठला

ज्या सफरीचा हंगाम छोटा किंवा बंदरात जागा मर्यादित, ती आधी. अलास्काचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, आणि तिथल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. अंटार्क्टिकाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, जहाजं लहान. नॉर्वेच्या फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या, सफरी उन्हाळ्यातल्या. इथे नऊ महिने ते वर्षभर आधी.

आपल्या शाळांच्या सुट्टीत, म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात, सिंगापूरच्या सफरी भारतातूनच भरतात. त्यात सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर मोठी सुट्टी असते. दोन्ही सुट्ट्या एकमेकींवर आल्या की स्वस्ताईची वाट पाहण्यात अर्थ नाही. शाळकरी मुलं नसतील तर जानेवारीचा उत्तरार्ध, फेब्रुवारीतले चिनी नववर्षाबाहेरचे आठवडे, जुलै-ऑगस्ट आणि सप्टेंबर पाहा. तिथे ऐनवेळी भाव मिळण्याची शक्यता खूपच चांगली.

मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज सप्टेंबर २०२१पासून धावू लागलं. दोन ते पाच रात्रींच्या या सफरींत शुक्रवारी सुटून रविवारी परतणारा गट सर्वात महाग, मधल्या वारी सुटणारा स्वस्त. ३१ डिसेंबर, दिवाळीचा आठवडा आणि शनिवार-रविवारला लागून आलेली सरकारी सुट्टी सोडली, तर इथे दोन-तीन आठवडे आधीही चालून जातं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि पश्चिम किनाऱ्यावरचा हंगाम थांबतो. म्हणून मेअखेरच्या किंवा पावसाळ्यानंतरच्या अगदी पहिल्या सफरींवर सूट दिसली तर ती का दिसते हे समजून घ्या. लक्षद्वीपला तर जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. लाटा जास्त असल्या की उतरणंच रद्द होतं. ते झालं म्हणून भाडं परत मिळत नाही.

खरोखर स्वस्त मिळणारा प्रकार वेगळाच आहे. वसंतात जहाजं कॅरिबियनहून युरोपकडे जातात आणि शरद ऋतूत परत येतात. या एकेरी स्थलांतराच्या सफरी बारा-पंधरा रात्रींच्या, बरेच दिवस नुसता समुद्र, आणि दर रात्रीचा भाव फार कमी. निवृत्त, घाई नसलेल्या जोडप्यांना त्या मानवतात. फक्त येण्याचं आणि जाण्याचं विमान दोन वेगळ्या खंडांतून घ्यावं लागतं, आणि दोन्हीकडचे व्हिसे हवेत.

पायरी ४: एकूण बेरीज करा, केबिनची नाही

इथे बहुतेकांची फसगत होते. समजा, चौघांचं कुटुंब मुंबईहून सिंगापूरच्या चार रात्रींच्या सफरीला निघालं आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल.

आठ महिने आधी: क्रूझ करांसह माणशी ४२,००० म्हणजे १,६८,०००. विमान माणशी २८,००० म्हणजे १,१२,०००. एकूण २,८०,०००.

पाच आठवडे आधी: क्रूझ उतरून माणशी ३३,००० म्हणजे १,३२,०००. विमान चढून माणशी ४१,००० म्हणजे १,६४,०००. एकूण २,९६,०००.

क्रूझवर ३६,००० वाचवले आणि तरी १६,००० जास्त गेले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दोघांसाठी, सुट्टीबाहेर, विमान कंपनीचे माइल्स (तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट) साठलेले असतील तर हीच बेरीज उलटी येऊ शकते. म्हणून आपले आकडे घालून दोन स्तंभ स्वतः मांडा.

या स्तंभांत पुढच्या गोष्टी विसरू नका. बंदर कर, जे ‘मुलं फुकट’ ऑफरमध्येही मुलांना भरावेच लागतात. ग्रॅच्युइटी, मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर, म्हणजे वरच्या कुटुंबाला चार रात्रींचे २५६ ते ३२० डॉलर. आदल्या रात्रीचं हॉटेल. व्हिसा फी; शेंगेनची प्रौढांसाठी ९० युरो, वर सेवाशुल्क. कार्डाने डॉलरमध्ये भरलं तर बँकेचा २ ते ३.५ टक्के परकीय चलन अधिभार. भारतीय एजंटाकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे एजंट पैसे घेतानाच गोळा करतो तो कर. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा.

आणि ऑफरची भाषा उलगडून वाचा. ‘दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट’ म्हणजे पहिल्याचे १०० आणि दुसऱ्याचे ४०, दोघांचे मिळून २००च्या जागी १४०. खरी सूट ३० टक्के, आणि तीही करांवर नाही. जानेवारी ते मार्च हा जगभर क्रूझच्या ऑफरींचा हंगाम. लवकर बुक करणाऱ्यांनी शक्यतो तेव्हाच पाहावं, कारण त्या काळात भाडं फारसं उतरलं नाही तरी ग्रॅच्युइटी, वायफाय किंवा जहाजावर खर्चायचं क्रेडिट असं काहीतरी वर मिळतं.

पायरी ५: आधी बुक करायचं ठरलं तर

पहिला नियम, डिपॉझिट रिफंडेबल आहे का ते लेखी घ्या. नॉन-रिफंडेबल भाडं थोडं स्वस्त दिसतं, पण ज्याचा व्हिसा अजून यायचा आहे त्याने तो मोह टाळावा. शिवाय भारतीय एजंट कधीकधी स्वतःचं रद्द शुल्क वेगळं लावतात. कंपनीचं डिपॉझिट परत, एजंटाचं शुल्क नाही, असं होऊ शकतं.

दुसरा नियम युरोपला जाणाऱ्यांसाठी सोन्यासारखा आहे: व्हिसाचा निकाल फायनल पेमेंटच्या आधी हातात आला पाहिजे. सुटायला १८० दिवस उरले की अर्जाची खिडकी उघडते, ९० उरले की पैसे भरायची वेळ येते. म्हणजे तुमच्याकडे ९० दिवस आहेत. १८० ते १५० दिवसांच्या दरम्यान अर्ज दिला, तर ४५ दिवस लागले तरी सुटायला निदान १०५ दिवस उरलेले असतानाच निकाल येतो. नकार आला तर केबिन सोडा, डिपॉझिट परत घ्या. हेच बुकिंग ८० दिवस आधी केलं असतं तर पूर्ण पैसे भरून मगच निकालाची वाट पाहावी लागली असती. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक दिवस राहणार तिथे. दिवस समान असतील तर जिथून प्रवेश करणार तिथे. तुर्की किंवा माँटेनेग्रोसारखं शेंगेनबाहेरचं बंदर वाटेत असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा.

तिसरं, केबिनचा क्रमांक स्वतः निवडा, त्यासाठीच तर आधी आलात. डेकचा नकाशा उघडून तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत धडधड. अगदी पुढच्या खालच्या केबिनला नांगराचा खडखडाट ऐकू येतो. दोन केबिनमध्ये जोडदरवाजा असेल तर शेजाऱ्यांचं बोलणं आत येतं. शेजारी आपलेच असतील तर तीच केबिन सोयीची. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलं असेल तर खिडकीसमोर बहुधा लाईफबोट लटकलेली असते.

चौथं, बुक करून विसरू नका. फायनल पेमेंटपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्याच तारखेचा, त्याच प्रकारच्या केबिनचा भाव पाहा. उतरलेला दिसला तर एजंटाला नव्या भावाने बुकिंग बदलून द्यायला सांगा. बऱ्याच कंपन्या रेषेच्या आधी ते करतात, नंतर नाही. जुन्या ऑफरमधलं क्रेडिट नव्या भावात जातं का, तेवढं तपासा. असा एजंट निवडा जो हे करून देईल. बुकिंग करण्यापूर्वीच विचारा. लवकर बुक करणाऱ्याला स्वस्ताईचाही फायदा मिळू शकतो तो याच वाटेने, आणि फार थोडे लोक ही वाट धरतात.

भाव डॉलरमध्ये असेल तर रुपयातला दर डिपॉझिटच्या दिवसाचा धरणार की अंतिम भरण्याच्या दिवसाचा, हेही ठरवून घ्या. सहा-आठ महिन्यांत रुपया घसरला तर फरक जाणवतो.

पायरी ६: थांबायचं ठरलं तर

थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. सफर संपल्यानंतरही सहा महिने वैध राहील असा पासपोर्ट, लागणारे व्हिसे, रजेची तोंडी परवानगी, कार्डावर पुरेशी मर्यादा, हे सगळं आधी तयार ठेवा. एक नव्हे, तीन-चार तारखा आणि दोन जहाजं डोळ्यासमोर ठेवा. सुटण्याआधी ९५ दिवसांपासून भाव लिहायला लागा: इनसाइड (बिनखिडकीची), ओशनव्ह्यू (समुद्राकडे खिडकी असलेली) आणि बाल्कनी, तिन्हींचा. चार-पाच नोंदी झाल्या की जहाज भरतंय की रेंगाळतंय ते कळतं. एखाद्या प्रकारची केबिन यादीतून नाहीशी झाली तर भरतंय. तिन्ही प्रकार उपलब्ध आणि भाव सरकत खाली, तर आणखी आठवडाभर थांबता येईल.

कमाल किती द्यायचे ते आधीच कागदावर लिहा. भाव त्याच्या खाली आला की घ्या. आणखी उतरेल म्हणून थांबणारे बरेचदा हातचंही घालवून बसतात.

ऐनवेळी बहुधा गॅरंटी केबिन मिळते. प्रकार ठरलेला, म्हणजे बाल्कनी घेतली तर निदान बाल्कनी मिळणार. क्रमांक कंपनी ठरवणार, कधीकधी अगदी चेक-इनच्या दिवशी. वरच्या प्रकारची केबिन मिळण्याची आशा बाळगा, भरवसा नको. दोन गॅरंटी केबिन घेतल्या तर एक पुढे आणि एक मागे मिळू शकते, म्हणून लहान मुलं किंवा म्हातारी माणसं विभागली जाणार असतील तर हा प्रकार नको.

फायनल पेमेंटच्या रेषेनंतर बुक केलंत तर पूर्ण पैसे एकदम भरावे लागतात आणि रद्द करण्याचा दंड पहिल्या दिवसापासून लागू होतो. हा दंड पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो: आधी डिपॉझिट, मग भाड्याच्या ५० टक्के, ७५ टक्के, आणि शेवटच्या महिन्यात बहुतेक ठिकाणी १०० टक्के. तुमच्या बुकिंगचा नेमका तक्ता मागून घ्या. म्हणून क्रम असा ठेवा: व्हिसा, मग त्याच बैठकीत क्रूझ आणि विमान. क्रूझ आज आणि विमान ‘उद्या पाहू’ असं करू नका. क्रूझची केबिन जर धरून ठेवता येत असेल तर एजंटाला चोवीस तासांचा होल्ड मागा आणि तेवढ्यात विमानाचा भाव पक्का करा.

प्रवास विमा दोन्ही मार्गांत घ्या, पण लवकर बुक करणाऱ्याने बुकिंगबरोबरच घ्यावा, म्हणजे मधल्या काळात आजारपण आलं तर रद्द करण्याचं संरक्षण मिळतं. व्हिसा नाकारला गेल्यास भरपाई मिळते का, हे पॉलिसीत वेगळं शोधा. पुष्कळ पॉलिसींत ते नसतं. जहाजावरचा डॉक्टर आणि समुद्रातून हलवून नेण्याचा खर्च धरला आहे का तेही पाहा.

दोन्ही मार्गांना शेवटी एकच गोष्ट लागू आहे. सुटण्याच्या दिवशी सकाळी पोहोचणारं विमान घेऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. सुटण्याच्या वेळेआधी तास-दीड तास बोर्डिंग बंद होतं आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. विमान उशिरा आल्यामुळे सुटलेल्या जहाजाचं भाडं कंपनी परत देत नाही. ऑनलाइन चेक-इन ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी करा, बंदरावर येण्याची लवकरची वेळ तेव्हाच निवडता येते. ऐनवेळी बुक केलं असेल तर ते त्याच रात्री.